एमा कर्कबी ऐकायची कशी

एमा कर्कबी म्हणजे जुनं युरोपीय संगीत गाणारी इंग्लिश गायिका. सगळ्यात आधी एक सांगतो, तिला फोनच्या स्पीकरवर ऐकू नका. मी पहिल्यांदा तसंच ऐकलं, भांडी घासता घासता, आणि वाटलं की हा काय पातळ आवाज, सोप्रानो, म्हणजे बाईचा सगळ्यात उंच आवाज, त्याने तर काचा फुटल्या पाहिजेत. वर्षभर परत वाट्याला गेलो नाही. चूक माझीच. हेडफोन लावा, आवाज मध्यम ठेवा.

आता बाईंबद्दल थोडं, कारण त्यावरून गाणं कळतं. जन्म १९४९, इंग्लंडमधल्या सरेचा. ऑक्सफर्डला ग्रीक-लॅटिन शिकल्या, मग शाळेत शिकवत होत्या, गाणं आपलं हौशीचं, कॉयरमधलं, म्हणजे समूहगानातलं. प्रोफेशनल गायिका व्हायचं वगैरे डोक्यात नव्हतंच. मग सत्तरच्या दशकात जुनं संगीत करणारे गट, टॅव्हर्नर कॉयर, मग अँथनी रूली यांचा कन्सॉर्ट ऑफ म्युझिक, मग क्रिस्टोफर हॉगवुड यांची अकॅडमी ऑफ एन्शंट म्युझिक. जुनी वाद्यं, आतड्याच्या तारा, त्यांचा आवाज मुळात बारीक, त्यावर ऑपेराचा दणका चालत नाही हो, ल्यूट (बोटांनी छेडायचं जुनं तंतुवाद्य) तर पार बुडून जाईल. म्हणून तो सरळ, जवळजवळ न थरथरणारा स्वर. काही जणांना तो कोरडा वाटायचा, अजूनही वाटतो, असो.

सुरुवात ल्यूटवरच्या गाण्यांनी करा, जुना इंग्लिश संगीतकार डाउलंड वगैरे. एक आवाज, एक वाद्य, बास. शब्द समोर घेऊन बसा, कारण ही बाई आधी शब्द बोलते आणि मग तो गाते, असं मला तरी वाटतं, भाषा शिकलेली आहे ना.

मग इटालियन संगीतकार पर्गोलेसीचं स्टाबाट माटर, म्हणजे येशूच्या आईच्या दुःखाचं लॅटिन स्तोत्र, जेम्स बोमन (बायकांच्या पट्टीत गाणारे पुरुष गायक) यांच्याबरोबरचं. पहिली दोन मिनिटं डोळे मिटून ऐका. एक आवाज स्वर धरून उभा राहतो, दुसरा येऊन अगदी शेजारचा स्वर लावतो, दोन्ही एकमेकांवर घासतात, कानाला खुपतं, आणि मग पहिला एक पायरी खाली उतरतो की जीव भांड्यात पडतो. लगेच परत तेच, अजून वर. आवाज थरथरता असता तर ही घासणी पुसट झाली असती, इथे ती लख्ख ऐकू येते. हे एकदा कळलं ना की निम्मं काम झालं. (पर्गोलेसी २६ व्या वर्षी गेला, हे लिहून झाल्या झाल्याच, असं सांगतात.)

सोबत पियानो वाजवून बघणाऱ्यांनो, सूर जुळला नाही तर घाबरू नका, बरोक, म्हणजे सतराव्या-अठराव्या शतकातल्या संगीताच्या अशा रेकॉर्डिंगमध्ये पट्टी बहुतेक वेळा ४१५ हर्ट्झ असते, आजच्या ४४० पेक्षा अर्धा स्वर खाली.

हॉगवुडने केलेला हँडेलचा मसाया (येशूवरची मोठी गायनरचना) १९८० चा, तो पूर्ण एका दमात ऐकायची गरज नाही, बाईंचे भाग निवडून ऐका. त्यात जुडिथ नेल्सन ही दुसरी सोप्रानोही आहे, कोण कुठली ते आधी बघून घ्या नाहीतर माझ्यासारखं भलत्याच बाईचं कौतुक कराल.

हिल्डेगार्ड, ही संगीत रचणारी जर्मन जोगीण, शेवटी. गॉथिक व्हॉइसेसचा अल्बम, बाराव्या शतकातलं संगीत, काही गाण्यांत खाली तंबोऱ्यासारखा एकच स्वर अखंड आणि वर आवाज. हा रात्री लावा, दिवे घालवून, आणि मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेवून.