फोर-के टीव्हीवर गेम धूसर दिसत होता, तो असा सुधारला

प्लेस्टेशन ५ फोर-के टीव्हीला जोडलेला, तरी गेमच्या परफॉर्मन्स मोडमध्ये (तपशील कमी, वेग जास्त) पळताना झाडांची पानं आणि तारेची कुंपणं नुसती चिखल व्हायची. कारण हिशेबात आहे. फोर-के म्हणजे ३८४० × २१६०, जवळपास ८३ लाख पिक्सेल. १४४०पी म्हणजे २५६० × १४४०, सुमारे ३७ लाख. सेकंदाला ६० फ्रेमसाठी, म्हणजे ६० चित्रांसाठी, कन्सोलला एका चित्रामागे १६.७ मिलिसेकंदच मिळतात. म्हणून बरेच गेम आतून कमी पिक्सेलवर चित्र काढतात आणि मग ते ताणून मोठं करतात.

सर्वांत जास्त फरक पडला टीव्हीच्या शार्पनेसने. तो ५० वरून शून्यावर आणला. ही सेटिंग नवा तपशील आणत नाही, फक्त कडा उठवते. ताणलेल्या चित्रात त्यामुळे कडेला पांढरी रेघ उमटते आणि पानं वळवळतात. (काही टीव्हींवर तटस्थ आकडा शून्य नसतो; रेघ जाईपर्यंत खाली आणा.) टीव्हीचा ओव्हरस्कॅन (चित्र थोडं मोठं करून कडा कापणारी सेटिंग) बंद, गेम मोड (चित्रावरची जादा प्रक्रिया कमी करणारा) चालू. गेममध्ये मोशन ब्लर (हालचालीतला मुद्दाम धूसरपणा) आणि फिल्म ग्रेन (सिनेमासारखे बारीक ठिपके) बंद.

टीव्ही १२० हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला १२० वेळा चित्र बदलणारा असेल, तर ४० फ्रेमचा मोड जरूर वापरा. 'रॅचेट अँड क्लँक: रिफ्ट अपार्ट'मध्ये तो आहे. प्रत्येक चित्राला २५ मिलिसेकंद मिळतात, त्यामुळे तपशील टिकतो आणि हालचालही ३० पेक्षा स्पष्टपणे सफाईदार वाटते. त्यासाठी कन्सोलच्या सेटिंग्जमधल्या 'स्क्रीन अँड व्हिडिओ'मध्ये १२० हर्ट्झ आउटपुट 'ऑटोमॅटिक'वर हवं आणि केबल कन्सोलसोबत आलेलीच लावा. ६० हर्ट्झच्या टीव्हीवर हे जमत नाही: ६० ला ४० ने पूर्ण भाग जात नाही, चित्र अडखळतं. तिथे शर्यतीला परफॉर्मन्स, निवांत भटकंतीच्या गेमला रेझोल्यूशन मोड (तपशील जास्त, वेग कमी).