वॉरगेमिंगसाठी काल्पनिक राज्य उभारताय? या चुका टाळा

टेबलावर मिनिएचर, म्हणजे सैनिकांचे चिमुकले पुतळे, मांडून इतिहासातल्या खऱ्या लढाया खेळता खेळता (यालाच वॉरगेमिंग म्हणतात) कधीतरी वाटतंच, आपलंही एखादं राज्य असावं. राजा आपला, झेंडा आपला, पलटणींची नावंही आपलीच. यासाठी अठराव्या शतकातला युरोप बऱ्याच जणांचा आवडता. तेव्हाच्या पवित्र रोमन साम्राज्यात, म्हणजे मुख्यतः जर्मन भाषिक प्रदेशात, तीनशेच्या आसपास लहानमोठी संस्थानं होती, त्यात आणखी दोन घुसडली तरी कोणाला खुपत नाही. तरीही असली बरीच राज्यं वहीतच राहतात, टेबलापर्यंत पोहोचत नाहीत.

वंशावळ आहे, भांडण नाही

सगळ्यात जास्त वेळ खाणारी चूक ही. राजघराण्याच्या दहा पिढ्या लिहून होतात, राजचिन्हं ठरतात, आणि सैनिक मांडायची वेळ आली की दोन्ही बाजू कशावरून लढताहेत हेच कोणाला सांगता येत नाही. सुरुवात भांडणापासून करा. ऑक्टोबर १७४० मध्ये सम्राट सहावा चार्ल्स वारला, मागे मुलगी मारिया थेरेसा. डिसेंबरमध्ये प्रशियाचा राजा फ्रेडरिक तिच्या सायलेशिया प्रांतात घुसला. वारसा हक्काचा वाद, एक श्रीमंत प्रांत आणि शेजारी तयार फौज, एवढ्यावर पेटलेलं युद्ध १७४८ पर्यंत चाललं.

तुम्हाला तर याहून कमी लागेल. समजा, लिंडेनमार्कचा ड्यूक मुलगा नसताना वारला. नदीवरच्या एकुलत्या एका पुलाचा जकात नाका पुतण्या मागतोय आणि जावईही. झालं! पुलासाठी समोरासमोर लढाई, जकातीची रोकड नेणाऱ्या गाड्यांवर हल्ला, रात्री नाक्यावर छापा, असे तीन डाव इथेच तयार झाले. पणजोबांची कर्तबगारी नंतर सवडीने लिहा. नाही लिहिली तरी काही अडत नाही.

‘अठरावं शतक’ म्हणजे नक्की कधी?

शतक सांगून भागत नाही, साल ठरवा. शतकाच्या मध्यावरच्या तिकोनी टोप्यांच्या रांगेत १८०० नंतरची शाको, म्हणजे उंच नळकांडीसारखी लष्करी टोपी, घातलेली पलटण उभी केली की सगळा आव उतरतो. १७५५ धरलंत तर त्यानंतरचं काहीही आणायचं नाही, असा सोपा नियम करा. आणि साल पक्कं करण्याआधी त्या काळातलं पायदळ, घोडदळ आणि तोफखाना तुमच्या मापात मिळतो का ते बघा. २८ मिमी आणि १५ मिमी उंचीचे सैनिक एकाच टेबलावर नकोत.

नावांबद्दल फार बोलायला नको. विनोदी नाव पहिल्या दिवशी हसवतं, मग वर्षभर उच्चारावं लागतं.

फौज मोठी, तिजोरी रिकामी

१७४० मध्ये प्रशियाची लोकसंख्या साधारण २२ लाख आणि फौज सुमारे ८० हजार. तेव्हाच्या लोकांना हेच प्रमाण अचाट वाटायचं. तुमची चिमुकली डची, म्हणजे ड्यूकचं संस्थान, ५० हजार सैनिक पोसते म्हणालात तर पैसा येतो कुठून, हा प्रश्न येणारच. फौज मोठीच हवी असेल तर पैसे देणारा धनी दाखवा. हेस-कासेल संस्थान आपल्या पलटणी भाड्याने द्यायचं, अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धात ब्रिटिशांच्या बाजूने त्या लढल्याही. शिवाय धन्याने हप्ता थकवला की ऐन मोहिमेत एक पलटण घरी जाते, हा डाव फुकटात मिळतो. खेळताना ६००-७०० जणांची पलटण २०-३० मिनिएचरमध्ये भागते, त्यामुळे सहा पलटणींचं राज्यही टेबलावर भरगच्च दिसतं.

नकाशा सुंदर, पण खेळता येत नाही

नद्या डोंगर चढताहेत की काय, हे बघालच. खरी गडबड अंतरांची असते. त्या काळची फौज दिवसाला १५-२० किलोमीटर चालायची. दोन राजधान्या ४० किलोमीटरवर ठेवल्यात तर युद्ध दोन-तीन दिवसांत आटोपतं, ४०० वर ठेवल्यात तर फौजांची गाठच पडत नाही आणि खेळाडू कंटाळतात. शंभर-दीडशे किलोमीटर अंतर, मध्ये एक किल्ला आणि त्यात धान्याचं कोठार, ही मांडणी चांगली चालते. नकाशावर रस्ते, पूल, उतार, गावं आणि किल्ले एवढंच ठळक असू द्या. हिवाळ्यात घोड्यांना हिरवा चारा मिळत नसे, म्हणून फौजा छावणीत बसत. तुमच्याही बसवा, तेवढ्यात राहिलेलं रंगकाम उरकतं.

जवळून देखणे, लांबून एकसारखे

प्रशियन निळे, ऑस्ट्रियन पांढरे, रशियन हिरवे, हे फरक लांबूनही कळतात. तुमच्या दोन्ही राज्यांनी गडद निळा उचलला तर तिसऱ्या फेरीला कोण कोणाचं हेच कळेनासं होतं. कोटाचा रंग राज्याचा ठेवा, कॉलर आणि बाह्यांच्या पट्टीचा रंग पलटणीचा. पूर्ण पलटण रंगवायच्या आधी एकच सैनिक रंगवा, टेबलाच्या पलीकडच्या काठावर ठेवा आणि उभ्याने बघा. पट्टी दिसत नसेल तर रंग एक छटा उजळ घ्या.

एका पराभवात मोहीम संपते

याचं कारण बहुतेक वेळा नियमांत सापडतं. लढाईत टेबलावरून उचललेली मिनिएचर कायमची मेली असं धरलं तर हरलेल्याकडे पुढच्या लढाईसाठी काहीच उरत नाही. निम्मी परत येऊ द्या. त्यात किरकोळ जखमी आले आणि पांगलेलेही. हरलेला एक मुक्काम मागे जाईल, बस्स. १८ जून १७५७ ला कोलिनमध्ये फ्रेडरिक सपाटून हरला, आणि त्याच वर्षी ५ नोव्हेंबरला रोसबाखची व ५ डिसेंबरला लॉयथेनची लढाई जिंकला.

आणि ज्याने राज्यं रचली त्याला आपली आवडती बाजू ठाऊक असते. तिला चांगले सेनापती, चांगल्या तोफा, डोंगरी किल्ले आपसूक मिळत जातात, आणि समोरचा हळूहळू यायचा थांबतो. म्हणून दोन्ही फौजा आणि नकाशा तयार झाल्यावरच कोणाची बाजू कोणती, ते फासे टाकून ठरवा.