टबात जहाज बुडवायचंय? डबा घ्या

एकवीस वर्षं जहाजांच्या इंजिन रूममध्ये काढली, पण सातवीतल्या नातीने "आजोबा, भोक पडूनही जहाज तरंगतं कसं?" विचारलं तेव्हा कागदावर काही समजावता येईना. शेवटी न्हाणीघरात टब मांडला.

फूटभर लांब, चार इंच रुंद, तीन इंच खोल असे प्लास्टिकचे दोन सारखे डबे घ्या. झाकणं नकोत. जुन्या फायलींच्या जाड प्लास्टिकच्या पाच-पाच आडव्या भिंती कापून एम-सीलने बसवा, म्हणजे प्रत्येकात सहा कप्पे. एका डब्यात भिंती काठापर्यंत, दुसऱ्यात निम्म्याच. एम-सील रात्रभर वाळू द्या. मग एकेका कप्प्यात पाणी ओतून शेजारचा कोरडा राहतो का बघा. मी घाई केली आणि दोन भिंती झिरपल्या.

वजन विसरू नका. नुसतं प्लास्टिक भोक पाडूनही तरंगतं. सगळ्या कप्प्यांत सारखे नट-बोल्ट टाका, डबा एक तृतीयांश बुडेल इतके. मला पाऊण किलोच्या आसपास लागले. निम्मा बुडवलात तर खेळ लगेच संपतो, नाळ (म्हणजे पुढचं टोक) पाण्याखाली जाते. माझा पहिला डबा असाच गेला, नात पोट धरून हसली.

आता पुढच्या कप्प्याला तळाजवळ तापल्या खिळ्याने भोक पाडा (हे मोठ्यांनीच) आणि पेन्सिलीचं टोक खुपसून ठेवा. डबा पाण्यात सोडा, पेन्सिल ओढा.

उंच भिंतींचा डबा नाळ खाली घालतो, मागचं टोक उचलतो आणि तसाच थांबतो. पाणी बाहेरच्या पातळीला आलं की आत शिरायचं बंद होतं. बाकीचे पाच कप्पे त्याला धरून ठेवतात.

बुटक्या भिंतींच्या डब्याशी मात्र गुडघे टेकून बसा. पहिल्या भिंतीच्या कडेवर पाणी क्षणभर फुगतं, मग पलीकडे ओघळतं. दुसरा कप्पा भरताना नाळ आणखी खचते, म्हणून दुसरी भिंतही पाण्याखाली जाते. पुढचं सगळं पटापट.

1912 मध्ये टायटॅनिकचं हेच झालं. 16 कप्पे, पुढचे चार भरले तरी जहाज तरलं असतं. हिमनगाने किमान पाच फोडले, आणि मधल्या काही बल्कहेड (कप्प्यांमधल्या भिंती) ई डेक नावाच्या मजल्यापर्यंतच होत्या. दोन तास चाळीस मिनिटांत बुडालं.

शेवटी उंच डब्याच्या पहिल्या भिंतीला तळाशी बोटभर खाच पाडा. ही खाच म्हणजे जहाजाच्या भिंतीतलं उघडं राहिलेलं दार. आता एका भोकाने दोन कप्पे भरतात आणि डबा जातो. टायटॅनिकनंतर तिच्याच जोडीच्या ब्रिटॅनिक जहाजाच्या बल्कहेड उंच केल्या होत्या. 1916 मध्ये एजियन समुद्रात सुरुंगावर आदळल्यावर तिची काही दारं बंद झाली नाहीत, खालची पोर्टहोलंही (गोल खिडक्या) उघडी होती. 55 मिनिटांत गेली.

नातीने विचारलं, "दार उघडं ठेवतात कशाला?"

आमच्या एका जहाजावर ते सुतळीने बांधलेलं असायचं. चहाचे कप हातात असताना सारखं कोण उघडणार!