मुंज्याच्या पानांची शाल

कोकणात शाल कशाला, असं विचारणारे कधी मालवणकडच्या जत्रेत रात्रभर दशावतार बघत बसलेले नसतात. आजीसाठी जाळीची शाल करायची ठरवली तेव्हा मला विणकामातले सुलट-उलट टाके एवढंच येत होतं.

नक्षी हवी होती आमच्या देवराईतल्या पिंपळाची. तिथलं वाळकं पानसुद्धा कोणी घरी आणत नाही. मग चौकटीची वही घेऊन तिथेच बसले: एक चौकट म्हणजे एक टाका, भोकाच्या जागी शून्य. नाइलाजाने केलेलं हे कामच पुढे सगळ्यात उपयोगी पडलं. आजीचं मात्र एकच, "तिन्हीसांजेक पिंपळाखाली जाव नको गो." मुंजा असतो ना तिथे.

जाळीत गूढ काही नाही. सुईवर धाग्याचा वेढा घेतला की भोक पडतं आणि एक टाका वाढतो. दोन टाके एकत्र विणले की एक कमी होतो. पान रुंदावताना मधल्या टाक्याच्या दोन्ही बाजूंना वेढे, निमुळतं होताना दोन्ही कडांना घट. शेवटी उरलेला एकच टाका उलट विणीवर चार-सहा ओळी सुलट चालू ठेवला, की पिंपळाचं ते लांब टोक येतं.

मी फसले ती घटीत. दोन टाके एकत्र सुलट विणले की ते उजवीकडे कलतात. दोन्ही कडांना तेच केलं, आणि पानं वादळात झोडपल्यासारखी एका अंगाला वळली. पानाच्या उजव्या कडेला एक टाका न विणता उचलायचा, पुढचा विणायचा आणि उचललेला त्यावरून उतरवायचा. ही घट डावीकडे कलते.

सुया घेताना जपा. आपल्याकडे नंबर वाढला की सुई बारीक होते. ८ नंबर म्हणजे ४ मिमी. मी आधी १२ नंबर आणली होती, शाल कसली, पायपुसणं झालं असतं.

प्रत्येक पान पुरं झालं की सगळ्या टाक्यांतून एक सुती दोरा ओवून ठेवायचा. चुकलं तर उसवण तिथेच थांबते. माझ्याकडे वटपौर्णिमेला वडाला गुंडाळून उरलेलं सूत होतं. हिरव्या लोकरीत पांढरं चटकन दिसतं, आणि दोनदा त्यानेच वाचवलं.

सुईवरून उतरलेली जाळी चुरगळलेल्या फडक्यासारखी दिसते, घाबरू नका. अर्धा तास पाण्यात भिजवून, पंच्यात दाबून, गादीवर ताणून टाचण्या लावायच्या. हे खऱ्या लोकरीचंच काम. माझा अ‍ॅक्रिलिकचा पहिला तुकडा टाचण्या काढताच पुन्हा आखडला. आणि श्रावणात हा उद्योग नको. तीन दिवस ओलीच राहिली, खोलीभर भिजलेल्या शेळीचा वास. मार्गशीर्षात पुन्हा ताणली, संध्याकाळपर्यंत कोरडी.

जत्रेच्या रात्री आजीने पेट्रोमॅक्सच्या उजेडात पदरासारखी ती उलगडून पानं न्याहाळली.

"पिंपळ मा? म्हणजे मुंज्याक घरात घेऊन इलंस मगे," म्हणाली, आणि कानांवरून घट्ट ओढून घेतली.