हिपॅटायटिस बी आणि माध्यमिक शाळेतील मुले : या चुका टाळा

कावीळ म्हटली की दूषित पाणी, हे समीकरण आपल्या डोक्यात इतके पक्के बसले आहे, की शाळा पाण्याची टाकी धुऊन घेते आणि निश्चिंत होते. हिपॅटायटिस म्हणजे विषाणूंमुळे यकृताला येणारी सूज; त्यातल्या ए आणि ई या प्रकारांच्या बाबतीत ते योग्यच आहे. बी प्रकारच्या विषाणूचा संसर्ग मात्र रक्तातून, असुरक्षित लैंगिक संबंधांतून आणि बाळंतपणात आईकडून बाळाला होतो.

म्हणून या वयात लक्ष ठेवायचे ते वेगळ्याच गोष्टींवर. वसतिगृहात मिसरूड फुटलेल्या चार मुलांमध्ये एकच रेझर फिरतो. वर्गात कर्कटकाच्या टोकाने हातावर आद्याक्षर कोरले जाते, टोक शर्टाला पुसले जाते आणि तेच शेजारच्याच्या हातावर टेकते. पुसलेले टोक स्वच्छ दिसते, पण हा विषाणू शरीराबाहेर किमान 7 दिवस तग धरतो आणि डोळ्यांना न दिसणारे रक्तही संसर्गाला पुरते. टूथब्रश, नेलकटर, निर्जंतुक न केलेल्या सुईने टोचलेले कान किंवा गोंदण यांचेही तेच.

लक्षणांची वाट पाहणे ही त्याहून घातक चूक. जन्माच्या वेळी संसर्ग झालेल्या सुमारे 90 टक्के बाळांमध्ये तो कायमचा राहतो आणि असे मूल दहावीपर्यंत धडधाकट दिसू शकते; यकृताची हानी आतून चालू असू शकते. निदान रक्ततपासणीनेच होते.

लहानपणी लस दिलीच असेल, असे गृहीत धरू नका; लसीकरणाचे कार्ड काढून पाहा. मोठ्या मुलांना साधारणपणे 3 डोस देतात : पहिला, त्यानंतर 1 महिन्याने दुसरा आणि पहिल्यापासून 6 महिन्यांनी तिसरा. मधला डोस राहिला म्हणून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही, उरलेले डोस पूर्ण करावेत. वापरलेली सुई किंवा ब्लेड लागले, तर जखम पिळत बसू नका. साबण-पाण्याने धुऊन शक्यतो 24 तासांच्या आत डॉक्टरांकडे जा, कारण लस न घेतलेल्यांना तेव्हा दिलेली लस संसर्ग रोखू शकते.

बाधित विद्यार्थ्याला वेगळ्या बाकावर बसवण्याची चूक मला सर्वांत क्लेशदायक वाटते. एकत्र जेवल्याने, मिठी मारल्याने किंवा खोकल्याने हा आजार पसरत नाही, त्यामुळे त्याचे नाव वर्गात उघड करण्याचे काहीही कारण नाही. खरचटलेला गुडघा कोणाचाही असो, शिक्षकांनी हातमोजे घालूनच पट्टी बांधावी आणि फरशीवर सांडलेले रक्त 1 भाग ब्लीच व 9 भाग पाणी यांच्या ताज्या द्रावणाने पुसून घ्यावे.