अंगावर येणाऱ्या कोंबड्याला मारहाणीविना कसे आवरावे

परसातला कोंबडा माणसांच्या अंगावर धावून येऊ लागला की घरातले कोणीतरी काठी उचलते, आणि बहुधा तिथूनच प्रकरण चिघळते. वयाच्या साधारण 4 ते 6 महिन्यांत कोंबडा वयात येतो आणि कळपाची राखण करू लागतो. अशा वेळी लाथ किंवा काठीचा फटका त्याला शिक्षा वाटत नाही, तर समोरच्याने झुंज पत्करली असे वाटते. आपण पळालो, तर तो जिंकतो. म्हणून झुंजायचेही नाही आणि पळायचेही नाही.

हल्ल्याआधी तो इशारा देतो. एक पंख खाली सोडून तो तिरका सरकतो, मानेची पिसे फुलवतो किंवा जमिनीवर उगाच चोच मारत जवळ येतो. त्या क्षणी त्याच्याकडे तोंड करून स्थिर उभे राहावे, आणि तो वळून चरायला लागेपर्यंत जागा सोडू नये. हातातली रुंद फळी किंवा टोपले ढालीसारखे मध्ये धरावे. त्या ढालीने कोंबड्याला मारू मात्र नये. त्याच्या देखत कोंबडी पकडू नये, कारण तिच्या ओरडण्याने तो चवताळतो. ते काम अंधार पडल्यावर, कोंबड्या दांडीवर बसल्या असताना करावे.

एरवी शांत असलेला कोंबडा एकाएकी बदलला, तर मला आधी दुखण्याचा संशय येतो. तळपायाची सूज, जखमा आणि पिसांखालचे किडे तपासावेत. उचलताना पंख अंगाशी दाबून त्याला काखेत धरावे. पाय धरून उलटे लटकवणे क्रूरपणाचे आहे, कारण पक्ष्यांना श्वासपटल, म्हणजे छाती आणि पोट यांमधला पडदा, नसते आणि आतड्यांचा भार हवेच्या पिशव्यांवर येऊन त्यांचा श्वास कोंडतो. पायामागच्या काट्यात हाड आणि रक्तवाहिन्या असतात, त्यामुळे तो छाटू नये, फक्त टोक कानशीने बोथट करावे.

एका कोंबड्यामागे 8 ते 10 कोंबड्या असाव्यात. कमी असतील तर त्यांच्या पाठीची पिसे झडलेली दिसतात. लहान मुलांना त्याच्या वाटेला एकटे कधीही सोडू नये, कारण काटा डोळ्याला लागू शकतो. जखम झाल्यास साबण आणि भरपूर पाण्याने धुऊन डॉक्टरांना दाखवावी.

काही आठवडे धीर धरूनही फरक पडला नाही, तर जाळीपलीकडे कळप दिसेल असे वेगळे खुराडे, सावली, पाणी आणि बसायला दांडी त्याला द्यावी. अंड्यांसाठी कोंबडा लागत नाही, त्यामुळे कळपाचे काही अडत नाही. दुसऱ्याला द्यायचा झाल्यास स्वभाव न लपवता सांगावा आणि झुंजी लावणाऱ्यांच्या हाती तो पडणार नाही याची खात्री करावी. कोणताच मार्ग उरला नाही, तर पशुवैद्यकाकडून त्याला वेदनारहित मरण द्यावे.