मल्टिमीटरची बॅकलाइट पारखायची तर खोलीत काळोख करू नका

दोन-तीन मल्टिमीटर (व्होल्ट, करंट मोजायची यंत्रं, पुढे नुसतं मीटर) शेजारी ठेवा, लाइट बंद करा आणि ज्याचा डिस्प्ले जास्त लखलखतो तो घ्या, हा सल्ला कुठेही मिळतो आणि तो बिनकामाचा आहे. मिट्ट काळोखात कुठलीही बॅकलाइट छानच दिसते.

सगळ्या मीटरमध्ये नवे सेल घाला, स्क्रीनवरची प्लास्टिकची फिल्म काढा, मोजायला एकच दीड व्होल्टचा सेल ठेवा. फ्लूक कंपनीचा 101 आणि युनि-टी कंपनीचा जुना यूटी61ई यांना बॅकलाइट नाहीच, 107 ला आणि 61ई प्लसला आहे, तेव्हा घेताना मॉडेल नीट वाचा.

काळोखात एकदाच बघा, तेही फक्त उजेड सगळीकडे सारखा पसरतो का यासाठी. एलईडी बहुतेक कडेला असते, त्यामुळे स्वस्त मीटरमध्ये एका बाजूला पांढरा डाग आणि दुसरं टोक अंधारात असतं.

आता खरं काम, अर्धवट उजेडाचं. मला हेच जमायला सगळ्यात जास्त वेळ लागला. सोसायटीची मीटर रूम किंवा जिन्याखालचा डीबी (स्विच-फ्यूजची पेटी), पाठीमागे एखादा मिणमिणता बल्ब, अशा जागी मीटर न्या आणि बॅकलाइट चालू-बंद, चालू-बंद करून बघत राहा. या एलसीडीचा मागचा थर बाहेरचा उजेड परत फेकतो आणि मागून एलईडीचाही उजेड येऊ देतो, तर दोन्ही सारखेच झाले की खराब डिस्प्लेवर काळे अंक राखाडी पडतात, म्हणजे बॅकलाइट लावून उलट कमी दिसतं! मोठे अंक बघून खूश होऊ नका, ते दिसतातच. दशांश टिंब बघा, वजाची खूण बघा, कडेचा बारका एम (मिलीचा) बघा, कारण 230 मिलिव्होल्ट आणि 230 व्होल्ट यात तेवढाच फरक आहे आणि तो जिवावरचा आहे. मग कोन बदला. एलसीडी एका दिशेने जास्त स्पष्ट दिसते, बहुतेक मीटरमध्ये खालच्या बाजूने, म्हणून टेबलावर सगळे ठीक वाटतात. तोच मीटर जमिनीवर भिंतीला उभा टेकवा आणि उभं राहून वरून वाचा, मग कळेल.

काळ्या पडद्यावर पांढरे अंक असलेले मीटर दुकानात फार भारी दिसतात. गच्चीवर सोलरचं काम करणाऱ्यांनी ते उन्हात वाचून बघितल्याशिवाय अजिबात घेऊ नयेत.

फोटो काढून तुलना करायची तर सगळे मीटर एकाच फ्रेममध्ये घ्या आणि एक्स्पोजर लॉक करा, नाहीतर फोन प्रत्येक फोटो आपल्या मनाने उजळ करतो.

बटण कुठलं आहे तेही बघा. पुष्कळ मीटरवर होल्ड आणि बॅकलाइटचं बटण एकच असतं, दाबून धरलं तर लाइट, नुसतं दाबलं तर रीडिंग गोठतं. अंधारात घाईत बोट लवकर उचललं, स्क्रीनवर शून्य गोठलं आणि वायरमध्ये वीज चालूच आहे, असं होऊ शकतं. मी असा मीटर मेन्सच्या (घरच्या 230 व्होल्टच्या) कामाला कोणालाही सुचवत नाही, बॅकलाइट कितीही सुंदर असो. दहा-पंधरा सेकंदांत विझणारीही नको, दोन्ही हातांत प्रोब (मीटरच्या वायरींची टोकं) असताना बटण दाबणार कोण?

शेवटी बॅकलाइट बॅटरीतून किती करंट खाते ते. प्रोब काढून ठेवा, कव्हर उघडा, बॅटरीच्या एका वायरमध्ये दुसरा मीटर मिलिअँपवर सिरीजमध्ये (सगळा करंट त्यातूनच जाईल असा) लावा आणि लाइट बंद असताना किती, चालू असताना किती ते बघा. कव्हर उघडं असताना त्या मीटरने काहीही मोजायचं नाही, हे पक्कं. नऊ व्होल्टची अल्कलाइन बॅटरी साधारण 500 मिलिअँप-तासांची असते, म्हणजे एकूण 20 मिलिअँप गेले तर कागदावर 25 तास, प्रत्यक्षात त्याहून कमी.

मग मुद्दाम उतरलेली बॅटरी घाला, कव्हर लावा आणि तोच दीड व्होल्टचा सेल परत मोजा. लाइट मंद झाली तर चालेल. पण लाइट लावल्यावर रीडिंग सरकलं आणि लो बॅटरीची खूणही आली नाही, तर तो मीटर घेऊ नका.